एक हात कोरडा

मी एक जुना सांगाडा आहे. घाबरू नका मित्रांनो, हाडांचा नव्हे! माणसाने कपड्यांवरून अंगावर चढवायचा, पाठीला आधार देणारा सांगाडा. मला बॅटरी नाही, मोटार नाही. दोन लवचीक दांड्या, दोन स्प्रिंगा, छातीशी एक गादी, मांड्यांना दोन आणि कमरेला एक रुंद पट्टा, एवढाच माझा संसार. माणूस वाकला की माझ्या दांड्या ताणल्या जातात, आणि तो उठू लागला की तोच ताण मी त्याला परत देतो.

पुण्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे वाळू भरलेल्या पुतळ्यावर चढवून मला हजारदा वाकवले. पुतळ्याला ना घाम, ना श्वास. मला वाटले, माणूस म्हणजे असाच असणार.

मग नंदुरबारकडच्या रनाळे गावची रूपाली मला आपल्या मुलखात घेऊन आली. ती त्याच कारखान्यात काम करायची. तिने गाठोडे सोडले आणि मी पाहतच राहिलो. जमीन लाल! नजर जाईल तिथवर ओली मिरची उन्हात पसरलेली. याला पथारी म्हणतात. बायका ओळीने वाकून मिरची पसरत होत्या, उलटत होत्या. ओळीच्या डोक्याशी मंगलाबाई होत्या. त्या गाणे उचलायच्या, बाकीच्या झेलायच्या, आणि त्या तालावर अख्खी ओळ पुढे सरकायची:

लाल मिरची पसरू, जसं लुगडं उनले,
पाठ वाकनी मन्ही, सांगू कोनले?

वीस वर्षे वाकून मंगलाबाईंची कंबर धरली होती. मुकादम गोकुळने सांगून ठेवले होते, की हंगामात पुन्हा आखडल्या तर ओळीतून उठायचे आणि सावलीत बसून मिरचीचे देठ खुडायचे. त्यांना ते मरणाहून जड होते. म्हणून रूपालीने मला त्यांच्याच अंगावर चढवले.

शेजारच्या पार्वतीबाई हसून लोटपोट. "मंगला, हाई काय शे व? घोडानं खोगीर?"

"खोगीर ते खोगीर! घोडी उभी ते ऱ्हायनी ना!"

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा जिवंत पाठ अनुभवली. केवढी ऊब! मणक्यांची ती माळ, एकेक मणी आपापल्या जागी डोलणारा. गाण्याचा सूर तिथूनच वर चढायचा आणि माझी छातीची गादी थरथरायची. पुतळ्याने मला भार शिकवला होता, ताल मात्र या बाईने शिकवला. दुपारी त्या उठल्या आणि कमरेवर हात ठेवायचे विसरूनच गेल्या. सगळ्या ओळीने ते पाहिले. कोणी मला हात लावून पाहिला, कोणी नमस्कार केला.

पण चौथ्या दिवशी घात झाला. भरली टोपली उचलताना माझा कमरेचा पट्टा सटकला, दांड्या उसळल्या आणि मंगलाबाई तोंडावर मिरचीत पडल्या. डोळे पेटले, कमरेत कळ आली.

"लोखंडले काय माया ऱ्हास?" कोणीतरी म्हणाले.

गोकुळने मान हलवली. "बस झायं आते, मंगलाबाई. सावलीमा बठा."

मला शेडमध्ये खुंटीला टांगले. सांध्यांत मिरचीची धूळ बसली, पालीने माझ्या गादीवर घर केले. समोरच भिंतीकडे तोंड करून मंगलाबाई देठ खुडायच्या. बाहेर गाणे अडखळत चालायचे आणि त्यांचे ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. मित्रांनो, मला रडता आले असते तर!

पंधरा दिवसांनी रूपाली आली. तिने माझा पट्टा पांढऱ्या रुमालाने पुसला. रुमाल पिवळा झाला.

"मावशी, पट्टाले तेल कोनी लायं?"

बायकांनी आपापले तळवे पाहिले. रोज सकाळी एकाच वाटीतले गोडेतेल सगळ्या हातांना चोळायच्या. त्याच हातांनी मंगलाबाई मला आवळायच्या, दिवसातून दहादा.

"तेल नही लायं ते मिरची आग करस ना बेटा!" पार्वतीबाई म्हणाल्या.

"मग हातमोजे?"

"मोजामा समजत नही, मिरची वाळनी का ओली."

सकाळी पट्टा आधी आणि तेल नंतर, हे जमले असते. पण दिवसभरात तो ढिला पडायचाच. मग कोणाच्या हाताने आवळायचा?

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाईंनी उजव्या हाताला तेल लावले. डावा तसाच ठेवला, कोरडा.

"येडी शे का व?" मंगलाबाई ओरडल्या. "हात जळी जाई तुन्हा!"

"जळू दे. तुन्हा गाना बिगर दिवस सरत नही. ऊठ, चाल!"

मला अंगावर चढवून मंगलाबाई उठल्या. ओळीच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या. गोकुळ काही बोलायला आला होता, तसाच मागे वळला. दिवसभर पार्वतीबाईंचा तो कोरडा हात माझा पट्टा आवळत राहिला. संध्याकाळी तो लालबुंद सुजला होता, बाई त्यावर ताक ओतत होत्या आणि वर हसत होत्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईने आपला हात कोरडा ठेवला, तिसऱ्या दिवशी तिसरीने.

मी थक्क झालो, मित्रांनो. मला वाटायचे, पाठीला आधार देण्याचे कसब माझेच.

आज माझा तिसरा हंगाम. स्प्रिंगा सैल झाल्या, गादी विरली. तुमच्या गावात माझी भावंडे आली, तर त्यांना पुसून ठेवा, उन्हात टाकू नका. पण संध्याकाळी त्यांना उतरवलेत की लगेच खुंटीकडे धावू नका. ती ज्या पाठीवरून उतरली, त्या पाठीवरून आधी एकदा हात फिरवा. तिथे काय काय सोसलेले असते ते मला ठाऊक आहे. मी तिथे राहिलो आहे.