गार मशीन

चाचणीला आणलेल्या नव्या कॉम्प्युटरवर ताईनं आपल्या सॉफ्टवेअरचे सगळे कंटेनर, म्हणजे त्याचे स्वतंत्रपणे चालणारे भाग, एकदम चालू केले, तरी त्याचा पंखा हूं की चूं करेना.

"मग ताई, सगळ्या टीमसाठी हेच मागवू ना?" साहेबांनी दारातूनच विचारलं. विक्रेता त्यांच्या फोनवर ताटकळत होता.

ताईच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण एवढ्याशा मेमरीत एवढं ओझं? तिला पटेना. तिनं मशीनच्या पाठीवर हात ठेवला. गार!

"अहो, हो की नाही?"

"जरा दम धरा हो!" ती खेकसली. खोली चिडीचूप झाली, आणि टेबलाखालची घरघर तिच्या कानावर आली. वाकून बघते तर तिचं जुनं मशीन धापा टाकतंय.

तिनं नव्या मशीनच्या सेटिंग्ज उघडल्या. घरच्या लॅपटॉपच्या सेटिंग्ज तिनं नव्यावर जशाच्या तशा उतरवल्या होत्या, आणि तो लॅपटॉप कंटेनर चालवायचा ते इंटरनेटवरून, ऑफिसातल्या या जुन्यावर. नवं नुसतं हुकूम सोडत होतं, राबत होतं जुनंच.

तिनं सेटिंग बदलली आणि कंटेनर पुन्हा चालू केले. नव्याचा पंखा किंचाळला, पडदा गोठला.

"साहेब," ताई म्हणाली, "फोन ठेवा."