आईनंतरचा पहिला घाणा

माझी आई गेल्यावर प्रवीणने केलेलं पहिलं चॉकलेट चाखायला त्याने मला महाडहून उमरठला बोलावून घेतलं.

"चव तूच सांग, ताई. हो म्हणालीस तर पुढं करीन, नायतर बंद."

प्रवीण माझा चुलतभाऊ. मुंबईतल्या बेकरीची नोकरी सोडून तो गावी कडू चॉकलेट करू लागला, तेव्हा त्यात भाजलेली नाचणी घालायचं आईनेच सुचवलं. भाजायचीही तीच, आमच्या मागच्या पडवीतल्या चुलीवर. शेवटी मिठाच्या पाण्याचा हबका मारून कढईवर ताट झाकायची. हबक्याचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. कोणी आलं तर थांबायची. मी असले तर मात्र नाही.

भर दुपार होती. प्रवीणची बायको तुळसा त्याच पडवीच्या उंबऱ्यात बसली होती. प्रवीणने बारचा कागद सोडला आणि एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"लगेच चावू नको. जिभेवर ठेव."

"मला शिकवतोस होय?"

"गिऱ्हाइकांना सांगून सांगून सवय झाली गो."

तुकडा विरघळू लागला. आधी कडू, मग धुराचा वास. दाताखाली नाचणीचा दाणा फुटला. आणि सगळं संपलंसं वाटल्यावर जिभेच्या मागे मीठ आलं, अगदी थोडं.

"यात मीठ घातलंस?"

"नाय."

"नाचणीत?"

"हिला विचार. हिनं भाजली."

"मी कुठं?" तुळसा म्हणाली. "सरपण ओलं होतं, चूल पेटेना. कढईत नाचणी ओतली आन् रात्री कडी लावून आमच्या घरी गेले. सकाळी बघते तर भाजलेली, वर ताट. मला वाटलं, तुम्ही."

"मी त्या रात्री पोलादपूरला होतो."

"मग चूल कोणी पेटवली?"

"तुझ्या माहेरचा कोणी खवीस आला असंल," प्रवीण म्हणाला आणि एकटाच हसला.

तुळसा माझ्याकडे वळली. "वन्सं, काकींचं काय राह्यलं असंल का?"

दहाव्याला कावळा लगेच शिवला होता. म्हातारी समाधानाने गेली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. मला ते लागलं होतं. माझ्यापाशी तिचं काहीच अडकलं नव्हतं.

"कामात जीव असंल त्यांचा," तुळसा म्हणाली. "चुलीजवळ जाऊन मोठ्यानं सांगा, चव जमली, आता आमचं आम्ही करू. लेकीनं सांगितलं की सुटतात."

मी चुलीपाशी गेले. कढईत पुढच्या घाण्याची कच्ची नाचणी ओतून ठेवलेली होती. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तोंडातलं मीठ अजून गेलं नव्हतं. मी ते गिळत नव्हते.

"नाही जमली," मी म्हणाले. "कमी भाजलीय."

प्रवीणचा चेहरा उतरला. "मग बंद?"

"बंद कशाला? आणखी एक घाणा होऊ दे. ही कढई अशीच राहू दे आज. कोणी हात लावू नका."

प्रवीण मान हलवून उरलेला बार कागदात गुंडाळू लागला. तुळसा जागची हलली नाही.

"वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली, "दमल्या असतील हो काकी."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कोरडं सरपण बघायला मागच्या दारी गेले.