चिखल तसाच राहू दे

"चिखल काही पुरेसा नाही हं," गोठ्याच्या दारात मोबाइल धरून धाकटी जाऊ पुटपुटली. "मागच्या वेळी कसा मस्त होता!"

म्हशीच्या मानेआडून थोरलीनं ते ऐकलं आणि तिला हसू फुटलं. त्या मस्त चिखलापायी तिला आठ दिवस कंबर शेकावी लागली होती.

झालं होतं ते एवढंच. महिन्यापूर्वी म्हैस पाण्यावर यायला तयार होईना. थोरलीनं दावं ओढलं, पाय सटकला आणि गाडीतून धान्याचं पोतं पडावं तशी ती बदकन बसली. उठता येईना. मग बसल्या जागेवरूनच म्हशीकडे बोट रोखून गरजली, "या घरात माझं कुणी ऐकत नाही, तूच तेवढी राहिली होतीस!" धाकटी तेव्हा रेडकाचा व्हिडिओ काढत होती. तिनं हे सगळं टिपलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, आणि दावं तुटलेल्या जनावरासारखं ते जगभर सुटलं.

कुणी म्हशीच्या जागी मांजर बसवलं, कुणी आपला साहेब. मोबाइलवरच्या एका लढाईच्या खेळात तर गडी मेला की थोरलीचा आवाज येई.

"म्हणजे मरताना तरी लोक माझं ऐकतात," ती दूधवाल्याला सांगे. "जिवंतपणी कुणाला सवड आहे!"

दूधवाला हसे. ती त्याच्याहून जास्त हसे. स्वतःचा व्हिडिओ शेजारणींना लावून दाखवी. "तोंड बघा बाईचं! शिंक अडकल्यासारखं. आणि पडणं बघा, म्हैससुद्धा बिचकली."

एक गोष्ट मात्र अडून होती. गोठ्याच्या दारात फरशा टाका, असं ती दोन वर्षं सांगत आली होती. पालथ्या घड्यावर पाणी. आता सगळ्या जगानं पडताना पाहिलं, तेव्हा तरी टाकतील, असं तिला वाटलं. तर नवरा म्हणाला, "अगं, आता कशा टाकायच्या? लोक मुद्दाम ती जागा बघायला येतात. चिखल तसाच राहू दे."

उलट आज दुसरा व्हिडिओ करायचा म्हणून तो स्वतः बादल्यांनी पाणी आणून ओतत होता. दोन वर्षांत त्या दारात त्यानं केलेलं हे पहिलं काम.

थोरली तीनदा पडली. पहिल्यांदा इतकी बेतानं, की जणू पाहुण्यांसमोर सतरंजीवर टेकतेय. दुसऱ्यांदा ती पडेपर्यंत म्हैस निघूनच गेली. तिसऱ्यांदा ती शब्दच विसरली.

"ताई, जगाला पाठ झालंय आणि तुम्ही विसरता?"

"मी कुठं पाठ केलं होतं गं? आपसूक आलं होतं ते."

भिंतीशी सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या हसल्या नाहीत.

चौथ्यांदा थोरली दावं धरून उभी राहिली, आणि तयारी व्हायच्या आतच तिचा पाय गेला. कोपर दगडी उंबऱ्यावर आपटलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. कोपर धरून तिनं मान वर केली. मग बोलली, पण गरजली नाही, बोटही रोखलं नाही.

"या घरात माझं कुणी ऐकत नाही."

"ताई, म्हशीकडं बघा ना!" मोबाइलमागून धाकटी म्हणाली. "भाऊजींकडं काय बघताय?"

नवऱ्यानं रिकामी बादली उगाच या हातातून त्या हातात घेतली. "असू दे, परत घेऊ," तो म्हणाला. "यात हसू येत नाही."

सासूबाईंनी सूप बाजूला सारलं.

"काय परत घेता? तेव्हाही ती म्हशीला बोललीच नव्हती. आपल्याला बोलली होती."