मळ कुठंय?

"हे काय चालवलंयस पोरी? मांजर कुरवाळतेयस का?"

तामू मेजावर उताणी पडली होती आणि संतापानं तिचे कान तापले होते. मेकनेस शहराच्या जुन्या वस्तीतल्या हमामात, बायांच्या वाफेच्या न्हाणीघरात, तीस वर्षं तिनं बाया घासल्या होत्या. तिच्या हाताखालून गेलेली बाई सोललेल्या बदामासारखी बाहेर पडायची. आणि ही दवाखान्यातली कालची पोर, इब्तिहाल, तिच्या गळ्याच्या खळगीत दोन बोटं ठेवून नुसती कातडी हलवत होती. तेल नाही, साबण नाही, जोर तर नाहीच नाही.

"सूज हातात आहे. मानेत काय शोधतेस?"

"मावशी, हमामाची मोरी तुंबली तर आधी कुठं मोकळं करता? पाणी साचलंय तिथं, की जिथून बाहेर पडतं तिथं?"

मोरीचं तामूला पटलं. पण मोरी वेगळी आणि हात वेगळा.

छातीतली गाठ काढून वर्ष झालं होतं. काखेतल्या गाठीही त्यातच गेल्या. टाके वाळले, डोक्यावर केस परत आले, आणि मग उजवा हात फुगत गेला, उबेला ठेवलेल्या कणकेसारखा. घासायचा खरखरीत हातमोजा बोटांच्या मुळाशीच अडू लागला. तीन आठवड्यांवर लेकीचं, विदादचं लग्न. आळीतल्या किती नवऱ्या मुली तामूनं लग्नाआधी न्हाऊ घालून उजळल्या! आणि स्वतःची लेक दुसरीच्या हाती द्यायची? जीभ झडली तरी ती हो म्हणाली नसती.

तासाभरानं पोरीनं बोटांपासून काखेपर्यंत पट्ट्या गुंडाळल्या. "झालं."

"झालं? मग मळ कुठंय?"

तामूच्या धंद्यात काम डोळ्यांना दिसतं. कातडीवर राखाडी वळकट्या निघाल्या की काम झालं.

इब्तिहाल हसली. "इथं मळ निघत नाही मावशी. हे पाणी कातडीच्या अगदी खाली असतं. जोर लावला की त्याच्या बारीक वाटा मिटतात. आज लघवीला जास्त होईल, थकवा येईल. पट्टी सोडू नका, वाफेत जाऊ नका. आणि खरं सांगते, हात पहिल्यासारखा होईलच असं नाही. ताब्यात मात्र राहील."

"तुझी जीभ तरी जोरात चालते!" म्हणत तामू तडक हमामात गेली. तिथं हनिया, तिच्या जोडीनं म्हातारी होत आलेली घासणारी, बादली आपटत म्हणाली, "असल्या कुरवाळण्यानं काय होतंय गं बाई! आण इकडं, पिळून काढते."

पट्टी सुटली. वाफेत काळा साबण चोपडून हनियानं हात ओल्या कपड्यासारखा पिळला, आणि तोंडानं नवरीच्या न्हाणाचं गाणं धरलं:

*घास गं हाता घास, पाठीचा काढ गाळ,*
*आईच्या ओंजळीतून सुटे लेक, जशी सकाळ.*

दुसऱ्या दिवशी हात पाण्यानं भरलेल्या पखालीसारखा झाला. मूठ वळेना.

इब्तिहालनं पाहिलं. ती रागावेल म्हणून तामू उत्तर घोळवून आली होती. पण पोर एवढंच म्हणाली, "ऑपरेशनच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं? हात सुजू शकतो, जपायचा कसा?"

"टाके भिजवू नका म्हणाले डॉक्टर."

"बस?"

"बस." आणि मग तामू उठून बसली. "म्हणजे त्यांना माहीत होतं? वर्षभर मी या हातानं वाफेत बाया घासत राहिले, आणि यांच्या तोंडून एक शब्द फुटला नाही? गाढवाला ओझं लादतानासुद्धा माणूस त्याच्या पाठीवर हात फिरवून बघतो!"

इतके दिवस नको तिथं सांडणाऱ्या रागाला आता कुठं आपलं दार सापडलं होतं. ती रोज येऊ लागली. रोज भांडायची, पण पट्टी सोडायची नाही. हाताचा घेर मोजायची फीत दर दोन दिवसांनी थोडी कमी भरायची.

लेकीच्या न्हाणाच्या सकाळी, पट्टी बदलताना, हातमोजा मनगटापर्यंत शिरला. तामूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शिरला खरा," इब्तिहाल हळूच म्हणाली. "पण आज याच हातानं घासायचं नाही. वाफेत तर नाहीच."

"मग शिरला कशाला मेला!"

दुपारी हमामात विदादला हनियानं वाफेत भिजवून मऊ केलं आणि बाहेरच्या गार खोलीत आणून बसवलं. तिथं तामू बसली होती. उजव्या हाताच्या पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि हातमोजा डाव्या हातात.

नवऱ्यामुलाची आत्या नाक मुरडून म्हणाली, "डाव्या हातानं? नवरीला? अपशकुन गं बाई."

"अपशकुन?" तामूचा आवाज भिंतींवर आदळला. "माझा उजवा हात कुणी तोंड न उघडल्यानं गेला, तेव्हा तुमचा शकुन कुठं निजला होता? ऐका गं सगळ्या. तुमच्यातली कुणी काखेतल्या गाठी काढून आली तर तिचा हात पिळायचा नाही. हनिया, तूसुद्धा. मी पिळून घेतला, मी भोगलं."

हनियानं मान खाली घातली. मग तिनंच गाणं उचललं.

तामूचा डावा हात अडाणी होता. एकदा घसरला, दोनदा वाकडा गेला. विदाद "आई, दुखतंय" म्हणाली तशी तामू थांबली, श्वास घेतला, जोर निम्मा केला. तिसऱ्या फेरीला लेकीच्या खांद्याखाली पहिली राखाडी वळकटी निघाली.

"बघा," तामू आत्याबाईंकडे न बघता म्हणाली, "निघाला की नाही मळ?"