चौकोनांमागची कथा

संगणकावर उतरवून घेतलेल्या कोरियन चित्रपटांखाली हिंदी भाषांतराच्या अक्षरांऐवजी नुसते चौकोन उमटत. म्हणून कामतघरचे केसरीनाथ कथा मनानेच रचून, भाषांतर म्हणून पत्नीस ऐकवीत. परभाषेचे जाणकार ही त्यांची घरातील कीर्ती त्यावरच उभी होती. तथापि चौकोनांची ती अपूर्णता त्यांस साहवेना. अखेर त्यांनी योग्य फॉन्ट बसविला आणि पूर्वी पाहिलेलाच एक चित्रपट पुन्हा लावताच अक्षरे लख्ख प्रकटली.

राहीबाई वाचू लागल्या. "अवो, तुमी सासरा म्हनलेला तो तर डाक्टर हाय. पोरगी जगनार न्हाय म्हनतोय."

"अक्षरे अशुद्ध असावीत," केसरीनाथ गंभीरपणे उद्गारले.

"असतीलच. तुमच्या गोष्टीत तिचं लगीन झालतं." राहीबाईंनी डोळे पुसले. "ते चौकोनच परत आना."