पांढऱ्या पायाची गाठ

वच्छलाबाई कापसातले केस काढायची. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या सूतगिरणीत अकरा वर्षं तिने हेच एक काम केलं. बोरी अरबच्या स्टँडवर सकाळच्या एसटीची वाट पाहताना एखादी अनोळखी बाई विचारायची, "गिरणीत काय काम हाय तुमाले?" आणि उत्तर ऐकलं की तोंडाला पदर लावून हसायची. हसू द्या बापडीला. आपल्या अंगावरच्या लुगड्यासाठी किती जणींनी डोळे फोडून घेतले, हे स्टँडवर उभं राहून कुणाला कळणार?

काम असं होतं. वावरात कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभर उन्हात वाकलेल्या असतात. वेचलेल्या ढिगालाच टेकून त्या दुपारची भाकर खातात, तिथेच केस सोडतात, पुन्हा बांधतात. मग त्या कापसाबरोबर गिरणीपर्यंत काय काय चालत येई. लांब केस, सुतळी, लुगड्याचा धागा, गुटख्याची पुडी, कधी बांगडीची काच. एकदा परदेशातल्या कोण्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यात काळा केस विणलेला निघाला आणि तिथून मालकाला खरमरीत पत्र आलं. तेव्हापासून डोक्याला फडकी बांधलेल्या चाळीस बाया लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून कापूस निवडू लागल्या.

वच्छलाबाईच्या शेजारी लोहाऱ्याची अनवरी बसायची. दोघींचा एक खेळ होता. लांब केस सापडला की अनवरी तो उजेडात धरून विचारी, "सांग बाई, कोनाचा व्हय?"

"पोरगी हाय. नवं लगन झालेलं. तेल गंज लावते, हाताले लागते."

"अन् हा?"

"हा माह्यासारखीचा. अर्धा पिकला."

असे दिवस जात होते. दोन हजार दोनचं साल असेल. दसऱ्यानंतरच्या एका सोमवारी सुपरवायझर घनश्याम हॉलमध्ये आला तो नव्या कपड्यात आल्यासारखा ऐटीत. त्याच्या मागून जाड तारेने आवळलेल्या कापसाच्या गाठी आल्या. वर इंग्रजी छाप होते.

"बाई, आज जपून," तो म्हणाला. "बाहेरदेशच्या गाठी हायेत. सायबानं सांगतलं, आधी हात धुवा, मंग हात लावा."

हात धुऊन बाया बसल्या. गाठ फुटली. कापूस असा पांढरा की अनवरीने तोंडात बोट घातलं. "या अल्ला! हे तर धुऊन-पुसून पाठोलं दिसते."

सगळ्या जणी निवडू लागल्या. तास गेला, दोन तास गेले. एक केस नाही, एक सुतळी नाही, पुडी नाही. चाळीस जणींच्या ऐंशी हातांना काही म्हणजे काही सापडेना. घनश्यामने समजावून सांगितलं. सरकारने बाहेरच्या कापसाला दार मोकळं केलं होतं. तिकडचं सरकार तिथल्या शेतकऱ्याला वरून पैसे देतं म्हणे, त्यामुळे तो माल इथल्यापेक्षा स्वस्तात उतरतो. शिवाय तो मशीनने वेचलेला. त्याला माणसाचा हातच लागत नाही.

बायांना त्या दिवशी मौज वाटली. डबे लवकर उघडले. अनवरीने आणलेलं आंब्याचं लोणचं सगळ्यांना पुरलं. फुकटचा पगार म्हणतात तो हाच, असं म्हणून पोट धरून हसल्या. आपल्या हाताला काम उरलेलं नाही, ही गोष्ट त्यांनी सुट्टी समजून साजरी केली. घरी पुतणी प्रेरणाला दाखवायला म्हणून वच्छलाबाईने त्यातला मूठभर कापूस बटव्यात घातला.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात टेबलं हलवली. चाळीस जणींना घनश्यामने फाटकापाशी सांगितलं, आणि सांगताना त्याचीही मान खाली होती. बसस्टॉपवर सोडायला आलेली अनवरी म्हणाली, "मी पोराच्या गॅरेजच्या भरवशावर बसन घरी. तू कुठं जाशीन बाई?"

"माह्यं घर हाय ना," वच्छलाबाई म्हणाली.

हे घर म्हणजे धाकटे दीर पुंडलिकराव यांचं. नवरा गेला तेव्हा वच्छलाबाई पस्तिशीच्या आत होती, पदरी मूल नव्हतं. पहिलं वर्ष कसं गेलं ते तिचं तिला ठाऊक. दीर सकाळी वावरात निघाले की तिने मागच्या खोलीत जायचं, समोर यायचं नाही. शेजारी बारसं असलं की दार ओढून घ्यायचं. पांढऱ्या पायाची हा शब्द तिने त्या वर्षात इतक्यांदा ऐकला की आपल्याच पायांकडे ती चोरून पाहू लागली होती.

मग गिरणी मिळाली. पहिला पगार तिने जावेच्या, रुखमाबाईच्या हातात ठेवला, आणि काय चमत्कार, अपशकुन हळूहळू पातळ होत गेला. प्रेरणाची, म्हणजे दिराच्या मुलीची नर्सिंगची फी तिच्या पगारातून गेली, तेव्हा वच्छलाबाई हळदीकुंकवाला बसू लागली. पुतण्या अमरच्या लग्नात तर पुंडलिकरावांनी भर मांडवात जाहीर केलं की पहिली हळद वहिनी लावतील. गावाने वाहवा केली. एका बातमीदाराने 'विधवेच्या हस्ते हळद' अशी चौकट छापली. ते कात्रण पुंडलिकरावांनी फ्रेम करून बैठकीत टांगलं होतं. त्याच दिवशी प्रेरणा मोठ्या मायच्या, म्हणजे वच्छलाबाईच्या, गळ्यात पडून म्हणाली होती, "माह्या लग्नातही तूच लावशीन. शब्द दे." वच्छलाबाईने दिला. आयुष्यात स्वतःसाठी तिने जपलेली तेवढीच एक गोष्ट होती.

काम गेलं त्याच आठवड्यात दारव्ह्याच्या बाजारात कापसाचा भाव कोसळला. पुंडलिकराव भरलेली गाडी तशीच परत घेऊन आले आणि कापूस ओसरीवर ओतून बसले. सकाळी ते पुन्हा निघाले तेव्हा चहा घेऊन येणाऱ्या वच्छलाबाईला रुखमाबाई हळूच म्हणाली, "बाई, हे निघून जाऊ द्या. मंग या बाहीर."

वच्छलाबाई कप हातात धरून तिथेच थांबली. अकरा वर्षांनी ती पुन्हा मागच्या खोलीत गेली. रुखमाबाई वाईट नव्हती, हे सांगायला हवं. घरात पैसा येईना, भाव मिळेना, आणि कशामुळे ते कळेना. न कळणाऱ्या गोष्टीला घरातलंच एखादं माणूस जबाबदार धरलं की जीव जरा थाऱ्यावर येतो. समुद्रापलीकडच्या कापसावर रागावता येत नाही. मागच्या खोलीतल्या बाईवर येतं.

मार्गशीर्षात प्रेरणाचं लग्न निघालं. चार दिवस आधी मारेगावहून पुंडलिकरावांची थोरली बहीण रामीबाई आली. आल्या आल्या तिने पिशवी नेमकी त्या फ्रेमच्या खिळ्याला अडकवली, आणि पाणी पिऊन निकाल देऊन टाकला.

"अमरच्या लग्नात रांडकीच्या हातची हळद लावली ना तुमी? भोगा आता. दोन वर्षं झाले, सुनेची कूस नाही उजवली. कापसाले भाव नाही. तिची गिरणीही तिनंच खाल्ली. ह्या पोरीच्या हळदीले तिची सावली नोको."

पुंडलिकराव खाली पाहत म्हणाले, "अक्का, प्रेरणा आयकणार नाही."

"तिले सांगतं कोन?"

आणि खरंच तिला कुणी सांगितलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी रामीबाई मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत पाऊल न टाकता म्हणाली, "वच्छला, बसल्या बसल्या वाती करून ठेव. तुह्या हाताच्या वाती बारीक होतात."

बघा आमचं शास्त्र. देवापुढे जळायला हिच्या हातची वात चालते, पण पोरीच्या गालाला तिचं बोट चालत नाही. राग यायलाही बळ लागतं, आणि वच्छलाबाई इतकी थकली होती की तेवढं तिच्यात नव्हतं. डब्यात कापूस नव्हता, आणि ओसरीवरच्या ढिगातला आणायला बाहेर जावं लागलं असतं. मग तिला बटव्यातला आठवला. मांडी घालून ती वाती वळू लागली. सवयीने बोटं केस शोधत होती, आणि सापडत काही नव्हतं.

बाहेर सवाष्णी जमल्या. रामीबाई वाती न्यायला आली. परातीत हात घालून ती थांबली. "अवं बाप्पा! काय पांढरा कापूस हाय! कोन्या वावरातला?"

"वावरातला नाही," वच्छलाबाई म्हणाली. "जहाजातला हाय."

"म्हंजे?"

"बाहेरदेशातून गाठी आल्या. याच्यात केस नाही, कचरा नाही. म्हनून आमाले चाळीस जणींले घरी पाठोलं. अन् हा स्वस्त पडते म्हनून तुमच्या कापसाले कोनी विचारत नाही. दोन्ही याच गाठीनं केलं, रामीबाई. माह्या पायानं नाही."

"बाहेरचं काय सांगते? घरातलं दिसते ना आमाले!"

वच्छलाबाईने हातातली वात परातीत ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता. दमलेलं माणूस बोलतं तशी ती बोलत होती.

"मंग एक सांगा. मारेगावात तुमच्या कापसाले भाव भेटला काय?"

रामीबाई परातीतल्या वाती गोळा करू लागली.

"नाही भेटला. तिथं तं मी कवा आलीच नाही. नवरा गेल्यापासून तुमी मले एका कार्याले बलावलं नाही. माहा पाय मारेगावच्या वेशीले लागलाच नाही. मंग तिथला भाव कोनाच्या पायानं गेला?"

दारात कुणीतरी उभं होतं. दोघींनी वळून पाहिलं तर प्रेरणा. अंगावर पिवळं लुगडं, हातात हळदीची वाटी, गाल अजून कोरे. मोठी माय कुठे आहे हे विचारत विचारत ती आतपर्यंत आली होती, आणि सगळं ऐकलं होतं.

तिच्या मागून पुंडलिकराव लगबगीने आले. "प्रेरणा, पाव्हणे बसले. चाल. वहिनी, तुमी पन या. पाच सवाष्णींचं झालं का मंग तुमी लावा. कोनी काही म्हननार नाही."

वच्छलाबाईने मान हलवली. "नोको भाऊ. अमरच्या हळदीले मले वाटलं, तुमी माह्यासाठी रीत मोडली. आता समजलं, ती पगारासाठी मोडलती. पगार गेला, रीत वापस आली. सहावी म्हनून उभी राहून मले काय करायचं हाय?"

पुंडलिकरावांनी मागे वळून मांडवाकडे पाहिलं. प्रेरणा मात्र पुढे आली आणि पिवळ्या लुगड्यानिशी मोठ्या मायसमोर जमिनीवर फतकल मारून बसली.

"बाबा, मी इथून उठणार नाही. पाव्हण्यांले सांगा, पोरीची हळद मागच्या खोलीत चालू हाय. ज्याले चालते तो थांबन. मोठी माय, तू शब्द देलता मले."

वाटी तिने पुढे केली. वच्छलाबाईने हाताचा कापूस पदराला पुसला. मग तिने बोट वाटीत घातलं, आणि घातलं तसंच मागे घेतलं. बोटांनी आपलं काम केलं होतं. हळदीत एक लांब केस होता, तो चिमटीत आला होता.

"कोनाचा व्हय?" प्रेरणाने विचारलं. तो खेळ तिला लहानपणापासून ठाऊक होता.

"लांब हाय. काळाभोर," वच्छलाबाई म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुहाच व्हय, येडे." तिने पोरीच्या दोन्ही गालांना हळद लावली.

रामीबाई त्या दिवशी मांडवात जेवली नाही. दोन सवाष्णी उठून गेल्या, तीन थांबल्या. नवरदेवाच्या मावशीने थोडं तोंड वाकडं केलं, पण लग्न वेळेवर लागलं. जग बुडालं नाही. गाव मात्र बदललंही नाही. प्रेरणा सासरी गेली आणि घरात पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली. फरक एवढाच की आता पुंडलिकराव सकाळी निघताना स्वतःच मागच्या खोलीशी थांबून म्हणत, "येतो वहिनी." त्यांनी ती फ्रेमही काढून ठेवली. तिच्याकडे पाहून त्यांना लाज वाटत असावी, आणि तेवढी लाज तरी वाटली हे मी त्यांच्या खात्यात धरतो.

लग्नाच्या चौथ्या दिवसापासून वच्छलाबाई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिने गिरणीतल्यासारखं डोक्याला फडकं घट्ट बांधलं. सोबतच्या बाया हसल्या. दुपारपर्यंत उन्हाने जीव कासावीस झाला, तेव्हा तिने ते सोडलं, ढिगाला टेकून भाकर खाल्ली आणि केस मोकळे करून पुन्हा बांधले. दोन-चार केस कापसात पडलेले तिला दिसले. तिने वेचले. बाकीचे तिला दिसले नाहीत.

ते आता काढायला कुणी नाही. टेबलं मोडली, चाळीस जणी घरी बसल्या. तेव्हा आपल्या नव्या सदऱ्यात कधी एखादा लांब, अर्धा पिकलेला केस विणलेला निघाला, तर दुकानदाराशी भांडायला निघण्याआधी तो जरा उजेडात धरून बघा. तो बोरी अरबच्या वच्छलाबाईचा असेल.