आधी खोळ

घरात दोन माणसं अशी असावीत की एकाला बोलायची बंदी आणि दुसऱ्याला गप्प बसायची! ड्रायव्हरच्या घरात नेमकं हेच होऊन बसलं होतं.

ड्रायव्हर होता एका मोटारकंपनीचा. बाजारात यायच्या आधी गाड्या रस्त्यावर पळवून पाहायच्या, कुठे खडखडतंय, कुठून वारा शिरतोय ते सांगायचं, हे त्याचं काम. सध्या त्याच्या हाती एक लांबलचक, महागडी सेडान होती. तिचा आकार कुणाला कळू नये म्हणून अंगभर काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्या चिकटवलेल्या आणि समोरची सोडून बाकी काचा काळ्याकुट्ट. इकडे त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अशाच झाकलेल्या गाड्यांचे फोटो काढायचा आणि इंटरनेटवर अंदाज ठोकायचा. दिवे असे असतील, दारं तशी असतील. त्यावरच त्याचं पोट. घरात सगळे त्याला भोंगा म्हणत.

कंपनीचा नियम साधा होता. गाड्यांच्या बातम्या देणारा कुणी नातेवाईक असेल, तर या कामावर राहता येणार नाही. नोकरीला लागताना ड्रायव्हरने ‘असं कुणी नाही’ म्हणून सांगून टाकलं होतं. तेव्हा भोंग्याने नुकताच कॅमेरा घेतला होता. चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल, असं वाटलं होतं. खूळ कसलं उतरतंय! भोंग्याला आता रस्त्यात लोक ओळखत होते, आणि हे नातं कंपनीला कळलं की ड्रायव्हरची नोकरी गेलीच म्हणून समजा.

बरं, भोंगा हे बाहेर बोलायचा नाही, पण घरात छळायचा.

“भावजी, बोलू नका, नुसती मान हलवा. मागचे दिवे एका रेषेत आहेत ना?”

“पाणी दे जरा.”

“म्हणजे आहेत!”

“अरे, पाणी मागितलं मी!”

“विषय बदललात की नाही? मग आहेतच.”

अशाने बायकोने भाजीत मीठ बरोबर पडलंय का विचारलं, तरी ड्रायव्हर मान हलवायला कचरायचा. स्वतःच्या घरात जेवताना चेहरा सांभाळायचा म्हणजे काय ताप असतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मनातल्या मनात तो भोंग्यावर खूप चिडायचा. आणि गंमत अशी, की भोंग्याचे अंदाज बहुतेक सगळे चुकायचे. एकदा म्हणाला, या गाडीला दारंच नाहीत, छप्पर उघडून आत उतरायचं. लोक पोट धरधरून हसले आणि उद्या काय सांगतो म्हणून परत पाहायला आले.

त्या दिवशी ऐन दुपारी, दुकानांच्या गर्दीच्या रस्त्यावर, गाडी मेली. दिवे, पंखा, समोरचा स्क्रीन, सगळं एका दमात बंद. अशा वेळेचा कंपनीचा नियमही ठरलेला होता. गाडी थांबली की आधी खोळ, मग बाकीचं. मागून दुसऱ्या गाडीत इंजिनीअर साहेब आणि एक पहारेकरी यायचे. ड्रायव्हरने उतरायचं, दोघातिघांनी मिळून काळी जाड खोळ ओढायची आणि खालून बंद आवळून टाकायचे.

ड्रायव्हर मात्र उतरला नाही. एखादा फ्यूज गेला असेल, म्हणून तो स्टिअरिंगखाली वाकून चाचपडत बसला. साहेब धावत आले, तोवर माणसं जमायला लागली होती. त्यांनी समोरच्या काचेतून पाहिलं तर सीट रिकामी. उतरला असेल, असं धरून त्यांनी आणि पहारेकऱ्याने खोळ टाकली, बंद आवळले. “कुणाला हात लावू देऊ नकोस,” असं पहारेकऱ्याला बजावून साहेब गाडी ओढून न्यायची सोय करायला गेले.

ड्रायव्हरने मान वर केली तर मिट्ट काळोख. त्याने दाराचं बटण दाबलं. वीजच नव्हती, दार कसलं उघडतंय! हाताने ओढायची कडी या नमुन्यात अजून बसवलीच नव्हती, ती पुढच्यात येणार होती. फोन कंपनीच्या फाटकावर जमा. त्याने काचेवर थापा मारल्या, जीव खाऊन ओरडला. पण ही गाडी बाहेरचा आवाज आत येऊ देत नसे, तशी आतला बाहेर जाऊ देत नसे. वारा ऐकू येतो, वारा ऐकू येतो, म्हणून कटकट करून दुहेरी काचा त्यानेच बसवून घेतल्या होत्या. घ्या आता!

डोक्यावर ऊन, वर काळी खोळ. श्वास गरम व्हायला लागला. घामाने शर्ट अंगाला चिकटला, मग घामही येईनासा झाला आणि त्याला खरोखर भीती वाटली. आपण इथे, शंभर माणसांच्या मधोमध, कुणाला न दिसता मरणार. मागच्या कोपऱ्यातली छोटी तिकोनी काच तेवढी एकेरी होती, हे त्याला माहीत होतं. तो रांगत मागे गेला आणि चप्पलबूट जे हाताला लागेल त्याने ती ठोकू लागला.

काच फुटली नाही, पण आवाज गेला. आणि पलीकडून बारीकसा, पण ओळखीचा आवाज आला.

“मंडळी, ऐका, ठक ठक! इंजिन बंद आहे, तरी आतून ठोका येतोय. माझा अंदाज आहे...”

भोंगा! ड्रायव्हरला रडू कोसळलं. “अरे अंदाज कसला करतोस, गाढवा! मी आहे, मी!”

फोटो मिळावा म्हणून भोंग्याने तिथल्याच कडेने खोळ वर सरकवली, काचेला डोळा लावला आणि आत एक तळहात दिसला. मग चेहरा.

“आत माणूस आहे!” तो किंचाळला. “अहो, सोडवा त्यांना, माझे भावजी आहेत!”

लोक खदाखदा हसले. “काल दारं नव्हती, आज भावजी बसलेत!” कुणीतरी म्हणालं. पहारेकऱ्याने त्याचं मनगट धरलं. “चल हो बाजूला. असले बहाणे खूप बघितलेत.”

भोंगा गयावया करत होता, शपथा घेत होता, आणि जितक्या शपथा तितकं हसू. शेवटी त्याने हिसडा देऊन हात सोडवला, कॅमेऱ्याचा तीन पायांचा लोखंडी स्टँड कॅमेऱ्यासकट उचलला आणि त्या तिकोनी काचेवर घातला. एकदा, दोनदा. कॅमेऱ्याचे तुकडे झाले. मग काच गेली आणि आतून रक्ताळलेला हात बाहेर आला.

हसू थांबलं. चारजणांनी मिळून खोळ फाडली, दुकानातून आणलेल्या पहारीने दार उचकटलं आणि ड्रायव्हरला बाहेर ओढलं. कुणी डोक्यावर पाणी ओतलं. महिनोन्‌महिने ज्याच्यासाठी भोंगा तडफडत होता ते गाडीचं अंतरंग सताड उघडं पडलं होतं. त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. तो ड्रायव्हरचे पाय चोळत बसला होता.

तेवढ्यात साहेब परतले. फुटलेली काच आणि उघडी गाडी पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पहारेकऱ्याने भोंग्याचा हात पुन्हा धरला होता. “यानेच फोडली, साहेब. आतले आपले भावजी आहेत म्हणत होता.”

साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. “खरंय का हे?”

ड्रायव्हरच्या आधी भोंगाच बोलला. “छे हो! मी तर रोज काहीबाही बोलतो, इथे कुणालाही विचारा. या गृहस्थांना मी आज पहिल्यांदा बघतोय.”

“अगदी बरोबर,” गर्दीतले दोघेतिघे म्हणाले, “याचं काही खरं नसतं.”

साहेब हलकेच खाली वाकले. माणूस वाईट नव्हता. “हे बघा, तुम्ही ओळखत नाही म्हणालात की तुमचा विषय संपला. काचेचं काय ते पोलीस याच्याशी बघतील.”

भोंगा डोळ्यांनी विनवत होता, नाही म्हणा, भावजी, नाही म्हणा. ड्रायव्हरला नोकरी दिसत होती, घर दिसत होतं, पुढचं सगळं दिसत होतं. त्याने गाडीला हात टेकला आणि उभा राहिला.

“माझा मेहुणा आहे तो, साहेब,” तो म्हणाला. “आधी त्याचा हात सोडा.”